बाकं सरकल्याचा आवाज

आमच्या कॉलेजच्या प्रार्थनागृहात टाळी वाजवत नाहीत. हा नियम कुठं लिहिलेला नाही, तरी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तो आठवड्याभरात कळतो. गाणं आवडलं तर गप्प बसायचं. फारच आवडलं तर कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी उठायचं आणि मिनिटभर स्तब्ध उभं राहायचं. बाहेरून येणाऱ्या कलाकारांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर त्यांची पंचाईत होते. दीपनगरहून एकदा एक नकलाकार आला होता. लोक पोट धरधरून हसायचे आणि नक्कल संपली की एकदम चिडीचूप. डिसेंबरात त्याला घाम फुटला. त्या दिवशी मी रजेवर होते आणि त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

कारण हे सांगायचं काम माझं होतं. मी मराठी शिकवायचे, रोज सकाळच्या प्रार्थनेला पेटी वाजवायचे आणि नाताळच्या आधी जे कार्यक्रम होत त्यांच्या पाहुण्यांची सरबराई करायचे. जळगाव स्टेशनवर रिक्षा पाठवणं, स्टाफरूममध्ये चहा-नाश्ता, आणि चहा पिता पिता ती दोन वाक्यं. बावीस वर्षं मी ती सांगत आले. एकदा मी हजर असून, पाहुण्यासमोर बसून, मुद्दाम सांगितली नाहीत.

ते पाचोऱ्याहून आले होते. सत्तरीला टेकलेले, जन्मापासून आंधळे, हातात एकतारी. बुद्धविहारात, जयंतीला, लग्नाकार्यात गायचे. गाणी स्वतःच रचायचे, सगळी खान्देशीत. आमच्या एका विद्यार्थिनीच्या लग्नात मी त्यांना ऐकलं आणि प्राचार्यांच्या मागे लागून बोलावून घेतलं. कॉलेजात गायची त्यांची ती पहिलीच वेळ. बरोबर त्यांची बायको होती. सगळे त्यांना आबा म्हणत आणि तिला अक्का, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. अक्कांनी त्यांच्यासाठी नवा सदरा शिवून आणला होता, आणि स्टाफरूममध्ये शिरल्या शिरल्या त्याच्या घड्या हातानं सारख्या करत होत्या.

चहा येईपर्यंत आबांनी कोपऱ्यातली पेटी चाचपली, भाता उघडला, दोन पट्ट्या दाबल्या आणि हसून म्हणाले, "बाई, या पेटीले कोनी रोज मारस का?"

स्टाफरूम खो खो हसली. ती पेटी मी वाजवते हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळ्यांना होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धुळ्याला माहेरी मला लहानपणापासून म्हणायचे की हिचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्यात खोटं काही नव्हतं. मी बिस्किटांची ताटली पुढं सरकवली आणि मूग गिळून बसले. ती दोन वाक्यं अगदी ओठांवर आली होती. म्हटलं, एवढं कळतं ना यांना, मग हेही कळेल आपोआप.

तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. अक्कांना मी माझ्या शेजारी, बायकांच्या शेवटच्या बाकावर बसवलं. आबांनी पहिलं गाणं म्हटलं, जात्यावरच्या आईचं. गाणं संपलं. शांतता. वस्तीत ते गायचे तेव्हा लोक मधेच ओरडून दाद द्यायचे, उठून पुढं यायचे, दहाची नोट सदऱ्याला टाचायचे. इथं पंख्याचा आवाजही नव्हता. त्यांनी मान जरा तिरकी करून ऐकलं, मग दुसरं गाणं घेतलं. पुन्हा तेच. त्यांनी पाणी मागितलं. तेव्हा मी उठून पुढं जायला हवं होतं. कानात सांगायला किती वेळ लागतो? पण माझा राग अजून उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांची ती घालमेल बघून मला थोडं बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिसरं गाणं त्यांच्या डोळ्यांवर होतं. जे कधी पाहिलंच नाही ते बायको सांगते आणि आपण पाहतो, असं काहीसं. मी आयुष्यात खूप गाणी ऐकली, पण तसं ऐकलं नाही. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो तसाच फाटका पुढं नेला. गाणं थांबलं आणि जे आमच्याकडं कधी होत नाही ते झालं. कार्यक्रम संपायची वाट न बघता, मधेच, सगळं प्रार्थनागृह उठलं. प्राचार्य उठले, मुलं उठली, दारातला शिपाई टोपी काढून उभा राहिला. शहाबादी फरशीवर चाळीस लांबलचक बाकं एकदम मागं सरकली, खूप चपला वाजल्या आणि मग सगळं गप्प झालं.

अक्काही उठल्या. त्यांनी मला विचारलं की हे काय, आणि मी त्यांना पुटपुटत सांगितलं की याहून मोठा मान आमच्याकडं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आबांनी थोडा वेळ ऐकलं. मग एकतारी आडवी ठेवली, समोरचा पेला चाचपून बाजूला सारला आणि अगदी हळू म्हणाले, "आवरा." सात गाणी ठरली होती. लोकांना वाटलं, म्हातारा माणूस, थकला असेल. सगळे पाऊल न वाजवता बाहेर गेले. मी प्राचार्यांबरोबर त्यांना शाल दिली, त्यांनी हात जोडले. अक्का त्यांना लगबगीनं रिक्षापर्यंत घेऊन गेल्या, कारण गाडीची वेळ होत आली होती.

त्यांना स्टेशनवर सोडून शिपाई परत आला तो हसतच. म्हणाला, म्हातारबा काहीही विचारतात. फलाटावर अक्का पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी शिपायाला जवळ बोलावून विचारलं होतं, "गानाम्हा काय चुकनं, लोके उठी गयात ते?"

लोक उठून गेले, असं त्यांना वाटलं होतं. बाकं सरकली, चपला वाजल्या, मग शांतता. त्यांच्या कानांनी दुसरं काय ऐकायचं? शिपायानं काय उत्तर दिलं असं मी विचारलं. त्यानं काहीच दिलं नव्हतं, गाडी आली होती.

त्यांचा नंबर माझ्याकडं होता. मी फोन केला नाही. अक्कांना मी सगळं सांगितलंय, त्या गाडीत सांगतीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बोलावलं तर निरोप आला की ते आता बाहेर गात नाहीत. त्यानंतरच्या वर्षीही तोच निरोप. म्हटलं, वय झालं असेल.

पण त्या आवाजानं माझी पाठ सोडली नाही. दर कार्यक्रमाला कोणी ना कोणी चांगलं गायचं, लोक उठायचे, बाकं सरकायची, आणि मला वाटायचं की सगळे खरंच निघून चालले आहेत आणि मी एकटीच आत राहणार आहे. एकदा भर वर्गात एका मुलानं बाक ओढलं आणि मी शिकवता शिकवता थांबले. मुलांनी विचारलं, काय झालं मॅडम? मी फळा पुसायला वळले.

नऊ वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात पाचोऱ्याचा एक तबलजी आमच्याकडं आला. चहाच्या वेळी मी त्याला आबांबद्दल विचारलं. आहेत, म्हणाला, पण विहारातसुद्धा गात नाहीत, जळगावला कॉलेजात काहीतरी झालं म्हणे. काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी मी पाचोऱ्याची गाडी पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. सुनेनं दार उघडलं. आबा ओसरीत खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. आत भिंतीवर अक्कांचा फोटो होता आणि त्याला हार. सून म्हणाली, दिवाळीत वर्ष झालं. मला रडू आलं, पण मी त्यासाठी आले नव्हते. मी खाटेजवळ बसले आणि कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं. टाळ्या का वाजवत नाहीत ते, बाकं कसली वाजली ते, कोणी एक माणूसही गेला नव्हता ते. पेटीवरून रागावले होते आणि म्हणून मुद्दाम गप्प बसले, हेही सांगितलं. पेटीचं त्यांना काही आठवत नव्हतं.

"बठ्ठा उभा व्हतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सगळे, आबा. प्राचार्यसुद्धा."

त्यांनी सुनेनं आणलेला चहा खाली ठेवायला सांगितला.

"गाडीम्हा बसताच तिनी हाईच सांगं," ते म्हणाले. "मी म्हनं, तू मनं मन राखाले खोटं बोलस. तिनी पोरेसनी शपथ लिधी. तरी मी तिले शेवटलगून खोटीच म्हनत ऱ्हायनू."

मी माफी मागायला आले होते. शब्दसुद्धा जुळवून आणले होते. त्यातला एकही कामाचा राहिला नाही. तरी मी पुन्हा म्हणू लागले की आबा, चूक माझी, त्या दिवशी मीच...

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "माले नका सांगू, बाई. तिले सांगा."

मी आत जाऊन फोटोपुढं सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, बाहेर खाटेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.