ओट्यावरची रद्दी

मंडळी, सगळा जन्म दगड शिकवण्यात गेला आणि शेवटी दगडानंच माझी फजिती केली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं सांगताना मलाच जरा जड जातं.

मी उमरग्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. आता आपल्या भागात भूगर्भ म्हणजे काय? इथं काळा दगड, तुळजापूरला जा, काळा दगड. लाव्हा आला, थिजला, विषय संपला. माझा जीव मात्र रूपांतरित खडकात. म्हणजे खोल जमिनीत गाडला गेलेला, तापलेला, दाबलेला, पण न वितळता आतल्या आत बदललेला खडक. त्याचा पोत मी तासन् तास बघत बसेन.

पण हे ऐकणार कोण? बायकोला सांगायचो. ती भाजी निवडत ऐकायची, निदान तसं दाखवायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि मी जुनं घर सोडून इथं भाड्यानं आलो. लेक बंगळूरला. जेवणाला खाणावळीचा डबा, चहाला स्टँड. संध्याकाळी कुलूप उघडलं की घरात कुणी नाही. लई एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तर घरमालकांनी मागं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला. निघालेल्या मातीत मला एक तुकडा दिसला. नळाखाली धुतला आणि उन्हात धरला. काळे-पांढरे पट्टे, मधेमधे डोळ्यांसारखे गुलाबी कण, आणि ते पट्टे प्रत्येक डोळ्याला वळसा घालून गेलेले. अस्सल नाइस! या खडकाचं नावच नाइस.

घरमालकीण शांताकाकू पाणी भरत होत्या. म्हटलं, "काकू, हा नाइस आहे."

"नाइसच हाय की सर. म्हनून तर आमी..."

"थांबा, आधी ऐका. एका बाजूनं दाब आला ना, की आतले चपटे कण सगळे एका दिशेला वळतात. काळे काळ्यांत जातात, पांढरे पांढऱ्यांत. म्हणून हे पट्टे. जे मोठे कण दबत नाहीत, त्यांचे असे डोळे होतात."

"व्हय का? पर सर, ह्यो तर..."

"खालून आलाय, काकू. आपल्या काळ्या दगडाच्याही खालून. लाव्ह्यानं वर येताना उचलून आणलाय."

काकूंनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हंडा उचलून आत गेल्या.

आता त्या तुकड्याची एक बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. पहिल्या वर्षाच्या पोरानंही विचारलं असतं, हे कसं काय? मी मनाशी म्हटलं, दोन खडक एकमेकांवर घासून आलेली झिलई. दुसऱ्या बाजूला करडं काहीतरी चिकटलं होतं. त्याला मी चुनखडीचा थर ठरवलं. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की कारणं आपोआप सुचतात.

लगेच दिगंबरला फोटो पाठवला. दिग्या म्हणजे माझा कॉलेजातला दोस्त, आता पुण्यात मोठा खडकतज्ज्ञ. एके काळी आम्ही एका ताटात जेवायचो. आता दिवाळीला मेसेज, तोही फॉरवर्ड केलेला. त्याचा फोन आला.

"कुठं सापडला?"

"घरामागं."

"हायवे आहे तुझ्याकडं. ट्रकमधनं पडला असेल."

"खणून निघालाय, दिग्या. जमिनीतनं."

मग म्हणाला, "रविवारी येतो."

फोन ठेवला तर डोळ्यांत पाणी. दगडाचा आनंद होताच, पण खरा आनंद त्या 'येतो'चा होता. आणि लगेच धास्ती. दगड खोटा निघाला तर हा गडी उभ्या उभ्या परत जाईल.

रविवारी आला. थकला होता, केस गेले होते, हसणं तेच. तुकडा हातात घेऊन खिडकीशी गेला आणि उलटसुलट करत बसला. म्हटलं, तोवर चहा करू. पाहुण्याला स्टँडवर काय न्यायचं?

स्वयंपाकघरात ओट्यावर आल्या दिवसापासून रद्दी, पेपरांचे गठ्ठे, आणि खोक्यातनं बाहेरच न काढलेली शेगडी. सगळं एका हातानं खाली ढकललं आणि तिथंच थांबलो.

ओट्यावरून डोळे बघत होते. गुलाबी. पट्टे त्यांना वळसा घालून थेट सिंकपर्यंत गेलेले.

मागं दिग्या येऊन उभा राहिला होता. त्यानं तो तुकडा ओट्याच्या टोकाशी टेकवला. पट्ट्याला पट्टा जुळला. झिलई पॉलिशची निघाली, करडा थर सिमेंटचा.

शांताकाकू दूध घेऊन दारात आल्या होत्या. "त्येच सांगत होते की सर. वट्टा बसवला तवा उरल्याला तुकडा म्या मागं टाकल्ता. तुमी बोलूच दिलं न्हाय."

दिग्या हसत हसत खाली रद्दीवरच बसला. मला मात्र कळेना, हा आता निघणार की राहणार. शेवटी विचारलंच, "आता जाशील?"

तो हसायचा थांबला. "गाढवा, नुसतं ये म्हणाला असतास तरी आलो असतो."

दोन दिवस राहिला. ओटा त्यानंच पुसला, मी सगळा वेळ खडकांवर बोलत होतो. जाताना तुकडा घेऊन गेला. म्हणे, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलाय, आणि खाली पट्टी चिकटवलीय: 'नाइस. सापडल्याचं ठिकाण: उमरगा. खोली: तीन वर्षांची रद्दी.'