सुभेदारांची हजेरी

आमच्या मंडळीत किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. रविवारची उपासना संपली की अंगणात चहा होतो. कोणीतरी बशीत चहा ओतता ओतता म्हणतो, "सुभेदारांचं ते ऐकलंत का?" झालं, दुसरा कप मागवावा लागतो.

पूर्णगडच्या अलीकडे, चढावर आमचं चिऱ्याचं छोटं चर्च आहे. बाकं बारा, घरं अकरा. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, रविवारी हार्मोनियम वाजवतो. त्यामुळे बहुतेक किस्से मी पहिल्या बाकावरून पाहिलेत.

आणि सुभेदार म्हणजे शमुवेल कदम. एकाहत्तरच्या लढाईत होते, पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी येऊन मंडळीचे वडील झाले. वडील म्हणजे आमच्याकडे एल्डर. पाळक शहरात राहतात आणि महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार सुभेदारांच्या ताब्यात. वय पंचाहत्तर, पण पाठ अजून परेडवरच आहे.

*

उपासना साडेआठला, म्हणजे साडेआठलाच. एकदा पाळकांची स्कूटर पंक्चर झाली आणि ते पोचेपर्यंत नऊ वाजत आले. सुभेदारांनी तोवर घंटा वाजवून, दोन गीतं आणि शास्त्रवाचन उरकून प्रार्थना धरली होती.

पाळक झगा सावरत पुढे निघाले. सुभेदारांनी डोळे न उघडताच हात आडवा केला. आमेन झाल्यावर म्हणाले, "पास्टरसाहेब, उशिरा येणाऱ्यांनी मागच्या बाकावर बसायचं. नियम तुमचाच आहे."

नियम खरंच त्यांचाच होता! बिचारे मागे बसले आणि उपदेशही तिथूनच उभं राहून केला. आम्ही सगळे माना वळवून ऐकत होतो. उपदेश नेहमीपेक्षा निम्म्या वेळात संपला, हे मात्र मंडळीला फार आवडलं.

*

मी शाळेत मुख्याध्यापक असताना एका सव्वीस जानेवारीला सुभेदारांना भाषणाला बोलावलं. चांगला भाड्याचा माइक आणला. मुलांना सांगून ठेवलं होतं की आज तोफांच्या गोष्टी ऐकायला मिळणार.

सुभेदार उभे राहिले. "मी सिग्नलमध्ये होतो. आमचं काम फोनची तार टाकायची. गोळा पडला की तार तुटायची. तुटली की जाऊन जोडायची. परत तुटायची. परत जोडायची. जय हिंद."

आणि बसले! मी कपाळाला हात लावला. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला, "आजोबा, तुम्हाला भीती नाय वाटली?"

"वाटली ना. खूप वाटली. पण तार जोडायला दुसरं कोण जाणार होतं?"

त्यानंतर माइकचं भाडं मला जड वाटलं नाही.

*

मग एक दिवस वरच्या कमिटीचं पत्र आलं. लहान मंडळ्या शहरातल्या मंडळीत सामील करून घ्यायच्या असं ठरलं होतं. पावसाळ्यानंतर एका रविवारी पाहुणे येतील, पटावरची वीस माणसं उपासनेला हजर दिसली तर ठीक, नाहीतर चर्चला कुलूप.

सुभेदारांनी सूचनांच्या वेळी ते पत्र मोठ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सूचना संपल्या. गीत म्हणू या." मला सूर सापडेना. माझ्या आईवडिलांचं लग्न या चर्चमध्ये लागलंय, माझंही.

चहाच्या वेळी मी विचारलं, "काका, आता काय करायचं?"

"गुरुजी, शाळेचा हजेरीपट कसा आखतात तेवढं दाखवा."

पुढच्या रविवारपासून पहिल्या गीताआधी हजेरी सुरू झाली. नातवंडं झालेली माणसं उभी राहून "हजर" म्हणायची. आंब्याच्या बागेत कामाला जाणारा फिलिप तर पहिल्या दिवशी गडबडून "येस सर" म्हणून गेला!

*

एप्रिल-मे म्हणजे हापूस उतरवायचे दिवस. त्यात रविवार कोण बघतो? अर्धी मंडळी बागांतून कामाला. दोन रविवार हजेरी अकरावर आली.

तिसऱ्या रविवारी सुभेदारांनी मला आणि हार्मोनियमला टेम्पोत घातलं आणि सकाळी सहाला थेट दाऊदभाईंच्या बागेत नेलं. आमची बरीचशी माणसं तिथेच कामाला होती. फिलिप कलमावर चढलेला. वरूनच ओरडला, "काका, खाली येव काय?"

"नको. आंबे उतरव, गीत तिथूनच म्हण."

त्या दिवशी आमचा निम्मा क्वायर झाडावर होता. हजेरीही रीतसर झाली. नाव पुकारलं की फांद्यांतून "हजर" यायचं.

दाऊदभाई टोपी घालून शेवटपर्यंत उभे होते. त्यांना पत्राची गोष्ट ठाऊक होती. म्हणाले, "सुभेदार, माझं पण नाव घाला की. तेवढाच एक वाढंल."

"दाऊद, तुझी हजेरी शुक्रवारी. एका जवानाचं नाव दोन पलटणींत लागत नाही."

दाऊदभाई पोट धरून हसले आणि जाताना टेम्पोत पेटीभर आंबे चढवले.

*

पावसाळा संपत आला. घरोघर फिरून, रुसलेल्यांना समजावून, सुभेदारांनी हजेरी एकोणीसवर आणली. एकाने गाडी अडली होती.

आणि ती एक त्यांच्या घरातच होती. राहेलकाकी, सुभेदारांची बायको, आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या. घर चर्चच्या भिंतीला लागून. काकी पडल्या पडल्या खिडकीतून सगळी गीतं म्हणायच्या, आम्हा सगळ्यांपेक्षा सुरात. पण हजेरीत त्यांचं नाव आलं की सुभेदार दर रविवारी स्वतःच म्हणायचे, "गैरहजर."

एकदा मला राहवलं नाही. "काका, काकींचा आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. लावा की हजेरी. वीस होतात."

"आवाज आलाय, गुरुजी. राहेल आलेली नाही."

मला त्यांचा खरंच राग आला. चर्च बुडालं तरी चालेल, पण यांचा हजेरीपट चोख! तणतणत मी काकींकडे गेलो आणि गाऱ्हाणं घातलं. काकी हसल्या. "त्यांचं बरोबर हाय, गुरुजी. मीच उठून जायला पायजे. जाईन मी, बघा तुम्ही."

*

पाहुणे यायचा रविवार ठरला. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, राहेलकाकी गेल्या.

मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून दफन रविवारी अकराला ठेवलं. मी म्हटलं, "काका, पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन करतो. उपासनाही राहू दे उद्या."

"उपासना साडेआठला," सुभेदार म्हणाले.

सकाळी घंटा त्यांनीच वाजवली. काकींची शवपेटी वेदीपुढे ठेवली होती. अंगणात सगळा गाव लोटलेला, दाऊदभाई घरच्यांना घेऊन आलेले. पाहुणे आले, समोरचं पाहिलं आणि दारातच थबकले. कमिटीकडून एकच गृहस्थ आले होते, भला माणूस. म्हणाले, "सुभेदार, आज नको. मी पुढच्या महिन्यात येतो."

"आलात ते बरं केलंत. बसा."

सुभेदारांनी हजेरीपट उघडला आणि नेहमीच्या आवाजात नावं पुकारायला सुरुवात केली. माणसं रडत रडत उभी राहत होती, "हजर" म्हणत होती. फिलिपने तर नुसता हात वर केला. स्वतःचं नावही सुभेदारांनी पुकारलं आणि स्वतःच "हजर" म्हणाले. एकोणीस झाले.

"राहेल शमुवेल कदम."

मी खाली मान घातली. आठ महिने ऐकलेला तो शब्द आज मला ऐकायचा नव्हता.

सुभेदारांनी शवपेटीकडे पाहिलं.

"हजर," ते म्हणाले आणि पटावर तसं लिहिलं.

पाहुण्यांच्या हातात वही होती. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "वीस?"

"मोजून घ्या, साहेब."

पाहुणे उठले. एकेक बाक मोजत पुढे आले, वेदीपाशी थांबले, काकींपुढे मान लववली, आणि तिथेच उभं राहून वहीत वीस लिहिलं.