रूथ सिस्टरचे शनिवार

समोरच्या फ्लॅटमधल्या रूथ सिस्टर गेल्या, हे मला आमच्या वॉचमननं सांगितलं. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं खरं लिहिते. आता आबांचे पाय कोण बघणार? वाईट वाटायला त्यानंतर बराच वेळ लागला. आज सहा आठवडे झाले… आणि वाईट वाटतं त्याहून राग जास्त येतो.

आबा म्हणजे माझे वडील. बेलवलीची जमीन बिल्डरला दिली तेव्हा त्यांनी माझी हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि सगळं दोन्ही मुलांच्या नावे केलं. सही झाल्यावर थोरला भाऊ म्हणाला, "आबांच्या पाया पड." मी पडले नाही. त्या दिवसापासून त्या पायांना मी हात लावला नव्हता. पुढे आबांची साखर वाढली, डोळे गेले, मुलांच्या बंगल्यात म्हाताऱ्याला जागा उरली नाही आणि ते माझ्या गळ्यात पडले. जेवण, औषध, धुतलेले कपडे, सगळं मी वेळेवर देत होते. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी.

मग आबांच्या अंगठ्याला जखम झाली. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज ड्रेसिंग करा, नाहीतर बोट जाईल. मी माणूस शोधत होते, तेवढ्यात आबांचा आरडाओरडा ऐकून समोरून या बाई आल्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या, आता निवृत्त, एकट्या. मोरीतलं स्टूल ओढून बसल्या आणि आबांचा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. "पाववाली माझ्या पायाला हात लावते," म्हणत आबांनी त्या ख्रिश्चन म्हणून शिव्या घातल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, शिव्या द्या, पण पाय हलवू नका."

दोन महिन्यांत जखम भरली. बाईंचं येणं तिथंच थांबायला हवं होतं. पण त्या दर शनिवारी येत राहिल्या. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, नखं कापायची. रविवारी अंबरनाथला चर्च आणि शनिवारी आमचे आबा. माझी खात्री होती की हे धर्म वाढवायचं काम आहे. एकदा येशूचं नाव काढू दे, लगेच दार दाखवते, म्हणून मी तीन वर्षं स्वयंपाकघरात कान टवकारून उभी राहिले. चहासुद्धा विचारला नाही. त्यांनी नाव काढलं नाही. शेवटी मीच चिडून म्हटलं, "तुमच्या धर्मात सांगितलंय म्हणून करता ना हे?"

"सांगितलंय तेवढं पहिल्याच आठवड्यात झालं हो, ताई," त्या नखं गोळा करत म्हणाल्या. "आता आपली मी माझ्या आवडीनं येते."

या उत्तराचा मला इतका राग आला… कारण माझं सगळं सांगितल्यापुरतंच होतं. त्यांच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. सगळे त्यांच्या मायाळूपणाबद्दल बोलत होते. मला उठून सांगावंसं वाटलं, मायाळू कसली, हट्टी होती ही बाई. माझ्याच घरात शिरून तिनं मला तीन वर्षं लाज आणली.

शेवटच्या शनिवारी त्यांनी त्यांचं नेलकटर आमच्या खिडकीत ठेवलं. "राहू दे इथंच," म्हणाल्या. सहा आठवडे मी ते उचलून, पुसून परत तिथंच ठेवत होते. भावाला फोन केला तर तो म्हणाला, पार्लरवाली बोलव. परवा आबांच्या मोज्याला रक्त दिसलं. वाढलेलं नख शेजारच्या बोटात रुतत होतं. पुन्हा जखम चिघळली तर या वेळी बोट वाचणार नव्हतं.

मी मोरीतलं स्टूल ओढलं आणि पाय मांडीवर घेतला. नख सरळ कापायचं, कोपरा खणायचा नाही, हे मला पाठ होतं. तीन वर्षं कान टवकारून दुसरं काय ऐकलं होतं? नीट दिसेना म्हणून खाली वाकले.

आबांना दिसत नाही. माझे केस पायाला लागले असावेत.

"पाया पडतंस का गो?" त्यांनी विचारलं.

"नखं कापतेय," मी म्हटलं. "शिव्या दे, पण पाय हलवू नको."