वळलेली मूठ

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर माझा पाय हळूहळू चालू लागला, तोंडही बरंचसं सरळ झालं. उजवा हात मात्र कोपरात वाकून छातीशी चिकटला आणि बोटांची मूठ वळली ती वळलीच. नखं तळव्यात रुतायची. आत घाम साचून वास यायचा, म्हणून बायको रोज एकेक बोट उकलून ओला कपडा फिरवायची. कामतघरच्या कापड कारखान्यांत आयुष्यभर लूम दुरुस्त केलेला फिटर मी, आणि माझ्या पँटचं बटण बायको लावणार! बटणाची लाज, वासाची लाज, आणि लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसायचो.

डॉक्टरांनी दंडात आणि कोपराखाली इंजेक्शनं दिली. त्यांनी आखडलेले स्नायू सैल पडतात, पण काही महिनेच. तेवढ्या काळात व्यायाम करून हाताला पुन्हा शिकवलं तर बटण स्वतः लावाल, नाहीतर इंजेक्शनं वाया गेली समजा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. व्यायामाचं सेंटर धामणकर नाक्याजवळ होतं. मी शेअर रिक्षाने एकटाच जायला लागलो.

मला नडली ती एक जांभई. झटक्यानंतर जांभई आली की हा हात आपसूक वर उचलला जायचा, त्यात माझी मर्जी कोणी विचारत नव्हतं. रिक्षात दाटीवाटीने बसलेलो, जांभई आली आणि मूठ शेजारच्या बाईच्या अंगाला लागली. "चाचा, अपनी उमर का तो लिहाज करो," ती म्हणाली. जिभेचा जडपणा अजून पुरता गेला नव्हता. मी शब्द जुळवेपर्यंत ती उतरून गेली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात कोणाच्या वाकड्यात न गेलेला माणूस मी, पण त्या दिवशी मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी मी सेंटरला जायला साफ नकार दिला. कारण सांगितलं नाही. सांगणार तरी काय? हात घरच्या घरी सरळ करायचं ठरवलं. लूमवर ताण्याचे धागे ढिले पडू नयेत म्हणून मागे लोखंडी वजन टांगतात. तसलं एक वजन घरात पडून होतं. बायको बाजारात गेल्यावर मी ते डाव्या हाताने आणि दातांनी उजव्या मनगटाला बांधलं आणि खाटेवर पडून हात खाली सोडला. हात थरथरला आणि वजनासकट उलटा वर ओढला गेला. खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! बायको परतली तेव्हा मी तसाच अडकून पडलो होतो. तिने मनगटाची दोरी सोडली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी तिला रिक्षातलं सगळं सांगितलं.

"येवढंच ना? मंग मी बसतंय त्या बाजूला," ती म्हणाली.

सेंटरमध्ये व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी वजनाची हकिगत ऐकून कपाळाला हात लावला. झटक्याने ओढलं की स्नायू आणखी आवळतो, म्हणाल्या. मूठ उघडायची तर आधी मनगट खाली सोडायचं, श्वास सोडायचा, घाई करायची नाही. तेव्हापासून बायको रोज माझ्या उजवीकडे बसायची, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन. चारचौघांत आम्ही कधी एकमेकांना शिवलो नव्हतो. मला तेही अवघड वाटायचं, मी बाहेर बघत बसायचो.

एकदा नाक्यावर आधी मी उतरलो. उतरताना जोर लावला, त्या जोराने मूठ आवळली, आणि मुठीत तिचा पदर. पुढे पाऊल टाकलं तसा तो तिच्या खांद्यावरून घसरला. ती रिक्षातच अर्धी वाकलेली, एका हाताने छातीशी साडी धरून. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, पानवाल्याकडची माणसं बघतायत, आणि भर नाक्यावर मी स्वतःच्या बायकोचा पदर ओढून उभा. मी जितकी धडपड केली तितकी मूठ घट्ट झाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"चाचा, छोडो ना," रिक्षावाला म्हणाला.

"थांब रं बाबा, सोडतान ते," बायको त्याला म्हणाली. मला म्हणाली, "वढू नका. हात खाली सोडा."

मी मनगट खाली सोडलं. श्वास सोडला. पहिल्यांदा अंगठा हलला, मग बोटं एकेक करून ढिली पडली आणि पदर निसटला. तिने माझ्या हाताला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

ती उतरली, पदर सारखा केला. मला तिच्याकडे बघवेना.

"उद्या पिन लावून यीन," ती म्हणाली. "चला."