साडूंचा ठिबकचा डबा

लोकांच्या चुकांवर आमच्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या नाशिकात झाला नसेल. सातपूरच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून, दोन हजार सालाच्या आसपास ते घरच्या गॅरेजमध्ये ठिबक सिंचनाचा डबा बनवत बसले. वीज आली की मोटर आपोआप चालू, पुरेसं पाणी झालं की बंद. पण पडदा आणि बटणं अशी हवीत की शेतकऱ्याला कोणालाही विचारावं लागू नये, हा त्यांचा ध्यास. दूधवाला, पोस्टमन, लग्नातला आचारी, दिसेल त्याच्यापुढे ते डबा धरायचे. माणूस गोंधळला की यांचा चेहरा फुलायचा. "चुकलात? झकास. म्हणजे डबा चुकला," असं म्हणून त्याच्या हातावर पेढा ठेवायचे. बरोबर दाबणाऱ्याला नुसता चहा. घरच्या टीव्हीच्या रिमोटवरची निम्मी बटणं त्यांना नको तिथे वाटली म्हणून त्यांनी चिकटपट्टीने झाकून टाकली होती. मेहुणीबाईंना आवाज वाढवायला उठून टीव्हीपाशी जावं लागे.

आमच्या सासूबाई सिन्नरजवळ एकट्याच टोमॅटो करायच्या. माझी बायको नाशिकला बाळंत होणार होती आणि तिला आई जवळ हवी होती. पण विजेचा नेम नाही, टोमॅटो वाळले तर काय करू, म्हणून सासूबाई मळा सोडेनात. साडू डबा घेऊन थेट मळ्यात गेले. मीही सोबत होतो. पडद्यावर त्यांनी मोठ्या हौसेने पाण्याचा थेंब काढला होता. सासूबाई तो बराच वेळ न्याहाळत राहिल्या.

"जावईबापू, ही लसणाची पाकळी कशापायी काढली?"

साडूंनी आनंदाने बांधावरच उडी मारली. तसेच गॅरेजमध्ये परत. थेंब गेला, धार लागलेला नळ आला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी न विचारता नळाखालचं बटण दाबलं, मोटर घुमली, नळ्या भरल्या.

"हां, आता समजलं. चालले मी लेकीकडं," म्हणत त्या पिशवी घेऊन जीपमध्ये बसल्या.

साडू डब्याला हात न लावता मळ्यात राखणीला राहिले. वीज आली, गेली, परत आली. डबा आपला आपण चालला. इकडे मला मुलगी झाली, आजीच्या मांडीवर निजली.

पुढे गावोगावी ते डबे लागले. तक्रारींसाठी साडूंनी घरी वेगळा फोन घेतला. अजूनही संध्याकाळी ते घंटी वाजायची वाट बघत त्याच्याशेजारी बसतात. मी गेलो की रिसीव्हर उचलून कानाला लावतात.

"चालू आहे हो," म्हणतात, आणि हळूच जागेवर ठेवतात.