दुसरा क्लिक

तुर्भ्याच्या एका गोदामात मी ट्रकच्या नोंदींचा प्रोग्रॅम बसवला होता. माउस तेव्हा सगळ्यांनाच नवा. महिन्याभरात तक्रार आली, एकच ट्रक यादीत दोनदा दिसतो. मी जाऊन शेजारी बसलो. नोंदी करणारे गृहस्थ जुने टायपिस्ट होते. 'सेव्ह'चं बटण दाबताना ते डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचे. तरी माउस दोनदा वाजायचा.

मी विचारायच्या आत ते हळूच म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही हो. हात थरथरतो माझा. साहेबांना बोलू नका, दोनच वर्षं राहिलीत."

एकदा दाबलं की बटण फिकं पडेल आणि दुसरा क्लिक धरलाच जाणार नाही, अशी सोय मी केली. साहेबांना सांगितलं, चूक प्रोग्रॅमचीच होती. खोटं बोलून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. निघताना त्या गृहस्थांनी माझ्यासाठी चहा मागवला. स्वतः मात्र घेतला नाही.

सहा महिन्यांनी गेलो तर त्या खुर्चीत दुसरंच कोणी. मी शिपायाला विचारलं.

"मस्टरवरच्या सहीवरून साहेबांना कळलं," तो म्हणाला. "राजीनामा लिहून घेतला. त्यावरची सही जुळेना, म्हणून दोनदा करायला लावली."