जानकीताईंची पेटी आणि अर्धा सेकंद

तुमच्या घरातली बाई साठी उलटल्यावर पेटी घेऊन बसली, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. पहिल्या दिवशी कौतुक कराल, फोटो काढाल. चौथ्या दिवशी टीव्हीचा आवाज वाढवाल. आठव्या दिवशी म्हणाल, "आई, पुरे ना आता, डोकं उठलं." मी शंभर घरं पाहिलीत. मला कुणी शिकवायला येऊ नका.

जानकी लवू परब. जोगेश्वरी पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय चौसष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी विजेची बटणं जोडली. स्प्रिंग, पत्रा, स्क्रू, टोपी. दिवसाला सहाशे नग. त्या बोटांना रिकामं बसायची सवयच नाही. चार वर्षांपूर्वी नवरा गेला. लवू परब भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांच्या हयातीत जानकीताईंनी ती पेटी रोज पुसली, पण एक पट्टी दाबली नाही. कुणी मनाई केली होती का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मनाई कशाला करायला हवी? विचारायचंच मनात आलं नाही."

हे ऐकून माझ्या डोक्यात काय झालं ते लिहीत नाही.

नवरा गेल्यावर पेटी पलंगाखाली गेली. भाता आखडेल म्हणून ताई रोज दहा मिनिटं हवा भरायच्या. डावा हात भात्यावर, उजवा मोकळा. एकतीस वर्षं कामाला जुंपलेला हात किती दिवस मोकळा बसणार? दोन महिन्यांत त्यांनी एक चाल शोधून काढली. सून ऋतिका शहाणी पोरगी. तिने टीव्हीचा आवाज वाढवला नाही. फोनवर शिकवण्याचे व्हिडिओ लावून दिले आणि सासूला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. ग्रुपचं नाव 'आता कशाला लाजायचं'. साठी ओलांडलेली एकशे चौदा माणसं. कुणी बासरी, कुणी तबला, कुणी नुसती शीळ. सगळे हौशी, आणि एकजात उशिरा सुरू केलेले.

या ग्रुपचा एक नियम मला फार आवडतो. रविवारी सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने आपलं 'कच्चं' टाकायचं. म्हणजे पहिल्याच खेपेला जे वाजलं ते. चुकलं तरी पुसायचं नाही. आणि ऐकणाऱ्याने अंगठा, फुलं, जोडलेले हात पाठवायचे नाहीत. पूर्ण ऐकायचं आणि जिथे बरं वाटलं तो सेकंद लिहायचा. बस्स, तेवढा आकडा. आकडा यायला माणसाने खरंच ऐकावं लागतं, फसवता येत नाही.

ताईंनी पहिलं कच्चं टाकलं. पाच मिनिटांत मुलुंडहून कुणा अंबादासचं उत्तर आलं, '०:१९'.

नियम विसरून ताईंनी घाबरत विचारलं, "काय चुकलं हो एकोणीसला?"

पलीकडून बोललेला निरोप आला. "चुकलं नाही ताई. तिथे तुम्ही दोन सूर असे काही जोडलेत ना, की माझी चपाती तव्यावर जळली. आता उपाशी ठेवलंत मला."

ताई हसल्या. ऋतिका मला सांगत होती, सासरे गेल्यावर पहिल्यांदा खळखळून हसल्या.

हा अंबादास खरात. मुलुंडला एका औषध कारखान्यात बाटल्यांना टोपणं बसवणाऱ्या मशीनवर अडतीस वर्षं उभा राहिलेला माणूस. तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीत ढोलकी वाजवायचा, मग संसारात सुटली, निवृत्त झाल्यावर पुन्हा धरली. आणि तिसरा दादू. मनोरीचा कोळी, वय एकाहत्तर, तोंडाने वाजवायचा माउथ ऑर्गन. उभा जन्म समुद्रात गेलेला, छाती अशी की एका दमात अर्धं गाणं निघतं. त्याचं पहिलं वाक्य ताईंना, "गो बाय, तुझी पेटी जाम गोड हाय, पण तू वाजवतेस अशी का, जशी चोरून वाजवतेस?"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर ताई ग्रुप सोडून गेल्या असत्या. दादूवर मात्र त्या चिडल्या, आणि पुढच्या रविवारी जोरात वाजवलं. तिघांची अशी गट्टी जमली. सकाळी चहाला फोन, दुपारी जेवलात का म्हणून फोन. ताईंचा गुडघा, अंबादासची साखर, दादूचा मोतीबिंदू, सगळं सगळ्यांना ठाऊक. भेट मात्र एकदाही नाही.

असं दीड वर्ष झकास चाललं होतं. मग गेल्या नोव्हेंबरात ताईंचे दीर आले, श्यामसुंदर परब. भजनी मंडळाचे बुवा. माणूस वाईट नाही, गळा सोन्यासारखा आहे. पण जे आजवर झालं नाही ते आता का व्हावं, हे त्यांना कुणी समजावून सांगू शकत नाही.

"वयनी, पेटी मंडळाक दी," ते म्हणाले. "आमच्या पेटयेचो भातो फाटलो. हयसर पडान काय करता ती?"

"पडान नाय हा, भावजी. मी वाजवतंय."

"तू?" बुवा हसले. "फोनवर शिकान? वयनी, ह्यो खेळ नाय."

मी तिथेच होते. माझं तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी माझ्या मांडीवर हात दाबला. आणि म्हणाल्या, "ऐकान जावा. मगे काय ता बोला."

"हयसर नाय. चार माणसांत वाजव. आपलो गजर, सुरवातीपासून शेवटापर्यंत. मधी थांबलंस तर पेटी मंडळाची."

"आणि नाय थांबलंय तर?"

बुवांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "तर तुझी," ते म्हणाले, आणि चहा न घेताच उठले.

ज्यांनी कोकणी भजन ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गजर सावकाश सुरू होतो आणि चढत चढत शेवटी असा धावतो की पेटीवाल्याच्या बोटांना घाम फुटतो. सात मिनिटं. आणि मंडळाच्या मृदंगवाल्याने ताईंच्या साथीला बसायला साफ नकार दिला.

त्याच संध्याकाळी अंबादासचा फोन. "ताई, मी आहे ना. ढोलकीवर गजर बसवू."

दादू म्हणाला, "मीपण येतंय. नाय जमला तर बोंबील तरी खाऊ."

दुसऱ्या दिवशी तिघांनी व्हिडिओ कॉलवर गजर धरला, आणि पार वाट लागली. आवाज पोचायला उशीर व्हायचा. ताई ढोलकीसाठी थांबायच्या, अंबादास पेटीसाठी थांबायचा, दादू दोघांसाठी थांबायचा. तिघंही सज्जन. धावायचा गजर हळू हळू होत चौथ्या मिनिटाला चक्क झोपला.

"माझ्या सासऱ्यांची प्रेतयात्रा याहून लवकर पोचली होती," अंबादास म्हणाला.

पण माणूस अडतीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला. दोन दिवसांनी त्यानेच तोडगा काढला. "ताई, बाटली समोर आल्यावर हात हलवला तर बाटली पुढे गेलेली असते. हात आधी हलवावा लागतो. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. मी अर्धा सेकंद आधी वाजवतो. तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा बरोबर पडेल. दादू, तू फोन म्यूट कर आणि आमच्या मागनं ये."

आणि जमलं! ताईंच्या फोनमध्ये ठेका अगदी नेमका पडायला लागला. तीन महिने रोज दुपारी तासभर. स्वयंपाकघरात ऋतिकाच्या चाकूचा हातही गजराच्या लयीत चालायला लागला.

फेब्रुवारीतला रविवार ठरला. वस्तीच्या वाचनालयाचा हॉल मी मिळवला. कमिटीला किल्ली सापडत नव्हती, मी दारात बसल्यावर सापडली. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम आणि पाहुणे दुपारी दोनलाच ताईंकडे हजर. दादू लाँच, मग बस, मग रिक्षा असं करत डबा घेऊन आला. अंबादास पवईवरून बसने, ढोलकी लेकरासारखी मांडीवर घेऊन. दारातच ताईंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"फोनवर उंच दिसतोस रे," ताई अंबादासला म्हणाल्या.

"बसून असतो ना ताई. बसल्यावर सगळेच उंच."

तीन तास हातात होते. एकदा वाजवून बघा, मी म्हटलं. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना बाराखडी म्हणायला सांगितली. "तीन महिने रोज वाजवतोय," ताई म्हणाल्या, "आता कसली प्रॅक्टिस?" मग दादूचे बोंबील, ताईंची सोलकढी, ऋतिकाच्या भाकऱ्या. साडेचारपर्यंत नुसत्या गप्पा.

पाच वाजता हॉल भरला. बिल्डिंगमधले, कारखान्यातल्या ताईंच्या जुन्या मैत्रिणी, आणि पुढच्या रांगेत बुवा आपल्या मंडळासकट. ढोलकी बघून बुवा म्हणाले, "तमाशो आसा काय रे?"

"तमाशा असता तर तिकीट लावलं असतं, बुवा," अंबादास म्हणाला. हॉल हसला.

ताईंनी सूर धरला. गजर सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात मी खुर्चीच्या टोकावर आले. काहीतरी चुकत होतं. ढोलकीचा प्रत्येक ठेका पेटीच्या अर्धा सेकंद आधी पडत होता!

सवय हो. तीन महिन्यांची सवय. समोर तीन फुटांवर बसलेल्या बाईला तो माणूस अजून फोनमधली समजून वाजवत होता. ताई त्याला गाठायला पळाल्या. ताई पळाल्या म्हणून तो आणखी पुढे पळाला. जो वेग सहाव्या मिनिटाला यायचा तो दुसऱ्याच मिनिटाला आला. दादूने तोंडातून माउथ ऑर्गन काढला आणि सरळ सांगितलं, "माझा दम सपला गो." पुढच्या रांगेत बुवांनी शेजारच्याला कोपर मारलं.

तेव्हा ताईंनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी चाल सोडली, पण हात उचलला नाही. उजव्या हाताचं एक बोट षड्जावर तसंच दाबून ठेवलं, डावा हात भात्यावर चालूच. आणि त्या लांब सुरावरून ओरडल्या, "अंबादास! अरे मी फोनमध्ये नाय! इथे आहे, इथे! बघ ना माझ्याकडे!"

ढोलकी गप्प. अंबादासने वर पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अरे बापरे. बाटली आलीच नाही आणि मी टोपण मारत सुटलोय!"

बुवा उभे राहिले. "थांबली. झाला. पेटी मंडळाची."

"कुठे थांबली?" मागून ताईंची कारखान्यातली मैत्रीण कडाडली. "सूर चालू आहे की! कान आहेत का कांदे?"

"चाल थांबली!"

"थांबायचं नाही म्हणाला होतात. चाल की सूर ते कुठे बोलला होतात?" हे मी बोलले. किती वेळ गप्प बसणार?

पाच मिनिटं नुसती बाचाबाची. आणि त्या सबंध गदारोळात तो एक सूर अखंड चालू. शेवटी बुवांच्याच मंडळातले टाळकरी काशीराम, सत्तरीचे, सावकाश उठले. "बुवानु, भातो एकदा पण बंद पडाक नाय. मी तिच्या हाताकडेच बघी होतंय. माका विचारशात तर गजर चालूच हा."

काशीरामांपुढे बुवा बोलत नाहीत. बसले.

"भांडण झालं का?" ताई म्हणाल्या. "हात दुखतोय माझा."

मग गजर पुन्हा उचलला. या वेळी अंबादासने कानांवर भरवसाच ठेवला नाही. ताईंच्या भात्यावर डोळे रोखले आणि भाता दाबला की थाप, भाता दाबला की थाप. दादूने दम भरून घेतला होता. गजर चढला, चढत गेला, शेवटच्या मिनिटाला सबंध हॉल हातांनी ताल धरून होता, आणि जिथे संपायचा तिथेच संपला. तिघंही एकदम. अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही.

टाळ्या थांबल्यावर बुवा पेटीपाशी आले. हातांची घडी घातलेली. "दुसऱ्या कडव्याक सूर चुकलो."

"चुकलो," ताई म्हणाल्या. "थांबलो नाय."

बुवांनी पेटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "गुरुवारी मंडळात येतलंस? आमच्याकडे पेटी नाय."

"येतलंय. पेटी घेवन येतलंय, आणि पेटी घेवनच परत जातलंय. आणि मागे बसूचंय नाय."

बुवांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण त्या गुरुवारी गेल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. अजून जातात.

आता एक अडचण राहिलीय. अंबादास म्हणतो, फोनवर वाजवत राहिलो तर हात पुन्हा पुढे पळणार, आठवड्यातून एकदा तरी समोरासमोर बसायलाच हवं. ताईंची खोली दहा बाय बारा, वाचनालयाच्या हॉलमध्ये आता परीक्षेची मुलं बसतात, आणि त्यांना उठवायला मीसुद्धा जाणार नाही. ग्रुपमधले आणखी सातजण यायला तयार आहेत. म्हणून तुम्हाला सरळ विचारते. जोगेश्वरी-अंधेरीकडे तुमच्या सोसायटीत एखादी खोली रविवारी चार ते सहा बंद पडलेली असेल, तर ती या माणसांना उघडून द्या. सेक्रेटरी कुरकुर करत असेल तर त्याचा नंबर तेवढा मला द्या.